सपाटीवरचे ट्रिलियम

२८ मार्च

रिला आली. सोबत तो पण आला.

तो म्हणजे नोलन फुस्को, फ्लोरिडाचा. टॅम्पा शहरात लोकांच्या घरामागचे पोहण्याचे तलाव साफ करतो. लांब दांड्याच्या जाळीने पालापाचोळा काढायचा, पाण्यात औषध ओतायचं, झालं. याला तो 'माझा व्यवसाय' म्हणतो. पायात पांढरेशुभ्र बूट. आमच्या डोंगरात, मार्च महिन्यात! गाडीतून उतरला तो थेट घोट्यापर्यंत चिखलात गेला आणि वर तोंड करून म्हणाला, "काय जागा आहे हो, मिसेस प्लेमन्स!"

मिसेस प्लेमन्स. बँकेतून फोन आल्यासारखं वाटलं. या खोऱ्यात मला शेंबडं पोरही व्हेस्टाबाई म्हणतं.

जेवायला घेवडा आणि मक्याचा पाव केला होता. तीनदा वाढून घेतला. मग उठून सगळी भांडी घासली, ओटासुद्धा पुसला. पाहुणा न सांगता भांडी घासायला लागला की मला लगेच कळतं, याला काहीतरी हवंय. रिला मात्र त्याच्याकडे अशी बघत होती, जणू तो किल्ला सर करून आलाय.

माझी नात, माझ्या हाताखाली वाढलेली पोर. हिची आई हिला चार वर्षांची माझ्या दारात सोडून ओरेगनला गेली ती गेलीच. हिला मी जंगल शिकवलं, झाडं शिकवली. आणि हिने निवडलं काय, तर शेवाळ काढणारा.

३० मार्च

हवंय ते कळलं. माझा उतार हवाय.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी लग्न, घरामागच्या उतारावर, ट्रिलियमची रानफुलं फुललेली असताना. ऐंशी माणसं. खुर्च्या. गाणं वाजवायला कुणीतरी मित्र.

"लहानपणापासून ठरवलंय मी, आजी," रिला म्हणाली. "तुला माहितीये."

मला माहीत आहे. सात वर्षांची असताना माझा पडदा डोक्यावर घेऊन ती त्या फुलांमध्ये उभी राहायची आणि मला पाद्री करायची. पण तेव्हा लग्नाला ऐंशी माणसं नव्हती. एक मी आणि एक कोंबडी होती.

मी म्हटलं, "बघू."

ऐंशी माणसं म्हणजे एकशे साठ पाय, त्यातले निम्मे फ्लोरिडाचे. ज्यांनी जन्मात वाळू आणि काँक्रीट सोडून कशावर पाय ठेवलेला नाही असे. ट्रिलियमला वर्षाला एकदाच पानं येतात, मोजून तीन. ती तुडवली की त्या वर्षाचा त्याचा कारभार आटोपला, दुसरी फुटत नाहीत. हे त्या पाहुण्यांना कोण सांगणार? आणि सांगून कुणाला कळणार?

पण 'नाही' म्हणवलं नाही माझ्याच्याने. का ते माहीत नाही. थकले असेन.

२ एप्रिल

आयसी आली होती. माझी थोरली बहीण. ओढ्यापलीकडे राहते आणि माझ्या घरात काय शिजतंय याचा वास तिला तिथे येतो. नोलनने तिच्या गाडीच्या काचेचा पुसका बदलून दिला म्हणून ती लगेच त्याच्या बाजूची झाली. आयसी एका पुसक्यात विकली जाते.

"गुणी पोरगा आहे, व्हेस्टे."

"कोकरू पण गुणी असतं. म्हणून त्याच्याशी कुणी लग्न करतं का?"

"तुला कुणीच आवडत नाही."

हे खोटं आहे. मला रिला आवडते. मला माझा नवरा आवडायचा, तो बोलायला लागेपर्यंत.

४ एप्रिल

उतारावर जाऊन आले. वरच्या अंगाला मोठ्या ट्रिलियमना कळ्या धरल्यात. आठवड्या-दीड आठवड्यात सगळा उतार पांढरा होईल आणि मग गावातून माणसं यायला लागतील गळ्यात कॅमेरे अडकवून. त्यांना फूल दिसतं. फुलापलीकडे काही दिसत नाही.

मी मात्र खालच्या सपाटीवरच जास्त वेळ बसले. ओढ्याच्या वर जो चिंचोळा सपाट तुकडा आहे ना, तिथे एकही फूल नसतं. तिथे पोरंबाळं आहेत. मुंग्यांनी वरून बिया आणून टाकल्या, बियांनी दोन हिवाळे मातीत काढले, मग एकेक पान आलं. काही वर्षं नुसतं एकच पान. मग कधीतरी तीन पानं. मग पुन्हा नुसती वाट. बी पडल्यापासून पहिलं फूल यायला सात वर्षं, कधी दहा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते गवत वाटतं. बर्ल हायटसुद्धा दर वर्षी गावातल्या रानफुलांच्या आठवड्यात वीस-वीस माणसं घेऊन माझ्या परवानगीने इथून जातो, पण त्या सपाटीकडे त्याने कधी मान वळवून पाहिलं नाही. बर्ल निवृत्त दंतवैद्य आहे. निम्म्या फुलांची नावं त्याला येतात, उरलेल्यांची तो जागच्या जागी तयार करतो.

ती सपाटी या वर्षी इतकी दाट झालीय की बघत राहावं. माझ्यानंतर उतार असाच राहील, तो त्यांच्यामुळे. वरचे म्हातारे आहेत, माझ्यासारखे.

५ एप्रिल

आज काय टोला हाणला! लिहून ठेवलाच पाहिजे.

सकाळी मी ओसरीवर रानकांदे निवडत होते. नोलन हातात मोजपट्टी घेऊन आला. मोजपट्टी! म्हणाला, "मिसेस प्लेमन्स, फुलं आहेत तिथे आम्ही पाऊल ठेवणार नाही. मी वरच्या बाजूला दोरी बांधीन. पण खुर्च्यांसाठी खालचा सपाट भाग चालेल का? तिथे फुलं नाहीत, नुसती पानं आहेत."

मी म्हटलं, "हो तर! का नाही चालणार? गवतच ते. तुझं मशीन आण आणि काढ सगळं भादरून. मधोमध एक तलाव पण खण, म्हणजे तुला घरी असल्यासारखं वाटेल."

तो हसला. म्हणाला, "तलाव नको, पण बाकीचं नक्की करतो. थँक यू, मिसेस प्लेमन्स. तुम्ही हो म्हणाल असं वाटलं नव्हतं मला."

आणि खरंच गेला की हो मोजपट्टी घेऊन, शीळ घालत. टोमणा डोक्यावरून गेला. मी एकटीच हसत बसले. असल्या माणसाशी बोलण्यातली मजा अशी की तुम्ही काहीही बोला, त्याला गोडच लागतं.

आयसीला सांगितलं. ती हसली नाही. तिला विनोद कळत नाही, लहानपणापासून.

८ एप्रिल

थंडी परतली. गुलाबी-पांढरी डॉगवुडची झाडं फुलली की दर वर्षी ही अशी थंडी येते. नोलनला माहीत नव्हतं. तो माझ्या नवऱ्याचा जुना कोट घालून फिरतोय. खांद्यात बसत नाही. रिला म्हणते, आजोबांसारखा दिसतो. दिसत नाही.

११ एप्रिल

लिहवत नाही.

१२ एप्रिल

लिहिते.

काल आयसी, रिला आणि मी झग्याच्या मापासाठी गावात गेलो होतो. परत आलो तेव्हा अंगणातच वास आला. ताज्या कापलेल्या हिरवळीचा. मला इतका आवडणारा वास, आणि मी हातातली पिशवी तिथेच टाकली.

नोलन मागच्या बाजूने आला. घामाने भिजलेला, पँटवर हिरवे शिंतोडे, तोंडभर हसू. "मिसेस प्लेमन्स, या ना बघायला. तुम्ही यायच्या आत संपवायचं होतं मला."

सपाटी भादरलेली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन मागून आणून. कडेने दगड रचलेले, अगदी व्यवस्थित. वरच्या उतारावर, जिथे कळ्या होत्या तिथे, पांढरी फीत बांधून घेतलेली, कुणाचा चुकून पाय पडू नये म्हणून. तिथे एक पान हललेलं नव्हतं. आणि खाली माझी सगळी पोरं जमिनीसपाट.

मी खाली बसले. एक कापलेला तुरा हातात घेतला. तीन पानं, अजून टवटवीत. कळायला वेळ लागतो ना त्यांना.

"काय झालं?" त्याने विचारलं. मग रिलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. कागद जळेल. एवढंच सांगते की आयसीने कानांवर हात ठेवले. तो उभा राहून ऐकत होता. एकदाही तोंड उघडलं नाही त्याने. असली माणसं तशीच असतात, उत्तर द्यायलाही काही नसतं त्यांच्याकडे. शेवटी म्हणाला, "ते परत येतील का?"

"या वर्षी नाही. पुढच्या वर्षी काही येतील, एक पान घेऊन, पहिल्यापासून सुरुवात. काही कधीच नाही. आता जा माझ्या समोरून."

तो गेला. गाडीत झोपला म्हणे.

१३ एप्रिल

सकाळी रिला स्वयंपाकघरात आली. डोळे सुजलेले. मला वाटलं, माफी मागायला आली. असला माणूस घरात आणल्याबद्दल.

"आजी, तू त्याला काय सांगितलं होतंस?"

"कशाबद्दल?"

"सपाटीबद्दल. त्याने विचारलं होतं तुला. तो सांगायलाच तयार नव्हता, काल किती विचारलं तेव्हा बोलला. तू हो म्हणालीस. मशीन आण म्हणालीस."

"अगं, टोमणा होता तो! तलाव खण असंही म्हटलं होतं. तलाव खणला का त्याने?"

"आजी!"

"शेंबड्या पोराला कळलं असतं."

"तो इथला नाही, आजी. त्याला तुझे टोमणे कसे कळणार? तो तुझ्या प्रत्येक शब्दाला मान देतो. तू हो म्हणालीस म्हणून त्या दिवशी तो नाचत होता, माहितीये? त्याच्या आईला फोन करून सांगितलं त्याने, की आजीने होकार दिला."

मी म्हटलं, कान असून बहिरा असेल त्याला मी काय करू? मला वाटलं, विषय संपला. ती टेबलावरचा आपला कप तसाच ठेवून वर गेली आणि सामान बांधायला लागली.

आता सगळं माझ्यावर. कापलं कुणी? मशीन कुणाच्या हातात होतं?

१४ एप्रिल

गेले दोघं. आयसीकडे नाही, गावातल्या मोटेलमध्ये. लग्न अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये करणार म्हणे. जिथे दर शुक्रवारी मासे तळतात तिथे. चांगलं आहे. त्याच्या लायकीचं आहे.

१७ एप्रिल

गावात गेले. पोस्टात, किराणा दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, जो भेटला त्याला सांगितलं. बर्ल हायटला तर पूर्ण सांगितलं, हातवारे करून. मी म्हटलं, "शेवाळ आणि ट्रिलियम यांतला फरक न कळणारा माणूस आमच्या घरात जावई म्हणून येतोय." बर्ल एवढा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोस्टातली मुलगी पण हसली. सगळे माझ्या बाजूने आहेत.

घरी आल्यावर शांत वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२० एप्रिल

वरचा उतार फुलला. असा फुलला की यंदा नजर ठरत नाही. खालच्या सपाटीवर नुसती तपकिरी खुंटं. त्याने बांधलेली फीत मी सोडायला गेले, पण आधी बघितलं तर हरणांनीसुद्धा यंदा वरच्या बाजूला तोंड घातलेलं नाही. पांढरं काहीतरी फडफडतं म्हणून बिचकली असतील. ठेवली तशीच. हरणांसाठी.

बर्लची वीस माणसं आली आणि गेली. मी घराबाहेर पडले नाही.

२६ एप्रिल

आयसी बडबडून गेली.

"तू हो म्हणालीस, व्हेस्टे. मला स्वतः येऊन सांगितलंस तू, हसत हसत. तेव्हाच मी म्हटलं होतं, हा पोरगा खरंच करील."

"तू काहीच म्हटलं नव्हतंस."

"मनात म्हटलं होतं."

मनात म्हटलेल्याचा काय उपयोग? हे मी तिला सुनावलं. मग ती म्हणाली, "शनिवारी मी जाणार आहे. तुला गाडीत जागा ठेवते." मी म्हटलं, तळलेल्या माशांचा वास माझ्या कपड्यांना नकोय.

३ मे

लग्नाचा दिवस.

सकाळी अंघोळ केली, निळा झगा घातला. उगाच घातला, कपाटात कसर लागू नये म्हणून. आयसी दारात भोंगा वाजवत राहिली. मी खिडकीतून हात हलवून तिला जा म्हटलं. ती पाच मिनिटं थांबली. गेली.

मग दिवसभर करण्यासारखं काही नव्हतं. उतारावर गेले. वरची फुलं आता गुलाबी पडायला लागलीत. ट्रिलियम म्हातारं होताना गुलाबी होतं, मग सुरकुततं. सगळ्यांना पांढरंच आवडतं, मला गुलाबी आवडतं. रिलालाही गुलाबीच आवडायचं. म्हणायची, आजी, याला लाज वाटतेय.

निळ्या झग्याला माती लागली.

४ मे

आयसीने केकचा तुकडा आणला, कागदात गुंडाळून. म्हणाली, रिला सुंदर दिसत होती. म्हणाली, पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवली होती, तिच्यावर नोलनने कुणाला बसू दिलं नाही. त्याची स्वतःची आत्या उभी राहिली.

असला देखावा मांडायची काय गरज? लोकांना कळावं म्हणूनच ना, की म्हातारी आली नाही.

केक बरा होता. जरा कोरडा.

१९ जून

ते टॅम्पाला पोचले त्यालाही आता महिना झाला. फोन नाही. मी पण केला नाही. माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. पाऊस चांगला झालाय.

२ ऑगस्ट

फळं पिकून फुटली. बिया खाली पडायला लागल्या. बीच्या टोकाला जो पांढुरका तेलकट तुकडा असतो, त्यासाठी मुंग्या त्यांना ओढून नेतात, तुकडा खातात आणि बी टाकून देतात. बाकी सगळं मातीवर सोडतात.

तासभर बघत बसले. एक मुंगी स्वतःपेक्षा मोठं बी घेऊन सपाटीकडे निघाली होती. वाटेत एका वाळक्या पानावर चढताना तीनदा मागे घसरली. मी चिमटीत उचलून तिला खाली ठेवलं, तर बी सोडून पळाली. मूर्ख. मग मीच मूठभर बिया गोळा केल्या आणि सपाटीवर मातीत दाबल्या. गुडघे अजून दुखतायत.

त्यांना फुलं येतील तेव्हा मी ऐंशी तरी असेन. किंवा नसेन.

२७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगच्या सणाचा फोन आला. रिला बोलली. हवामान, तब्येत, आयसीचा गुडघा. मी म्हटलं, इकडे थंडी आहे. ती म्हणाली, इकडे नाही. मग तिने विचारलं, "नोलनशी बोलतेस का?"

मी म्हटलं, टर्की ओव्हनमध्ये आहे. नव्हती. एकटीसाठी कोण टर्की करतं?

आयसी म्हणते मी हट्टी आहे. आयसी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि अजून शेजारणीने न परत केलेल्या बरणीबद्दल तिच्याशी बोलत नाही.

१ जानेवारी

नवीन वर्ष. बर्फ. बाकी काही नाही.

२१ मार्च

रिलाचा फोन. एप्रिलमध्ये येतो म्हणाली, चार दिवस. "नोलनला सपाटी बघायचीये, आजी. वर्षभर तेच बोलतोय."

मी म्हटलं, बघण्यासारखं काही नाही तिथे.

"त्याला माहितीये," ती म्हणाली.

ठीक आहे, या म्हटलं. वरच्या खोलीत चादरी घातल्या. त्याच्यासाठी नाही.

५ एप्रिल

सपाटीवर पानं आलीत. जेवढी भीती होती तेवढं वाईट नाही. बरीचशी परत आलीत, पण लहान होऊन. जी तीन पानांची होती त्यातली कित्येक एका पानावर आलीत. काही ठिकाणी मोकळी माती. तिथे मात्र दुसरंच काहीतरी माजलंय. लसणासारख्या वासाचं ते बाहेरचं तण. उन्हाची वाट मोकळी मिळाल्यावर त्याने हातपाय पसरलेत. हे आलं की ट्रिलियमला जागा ठेवत नाही. एकटीने उपटायचं म्हणजे माझे गुडघे संपले.

१६ एप्रिल

आले. त्याच्या पायात या वेळी तपकिरी बूट होते, जाड तळव्याचे. तरी नवेच.

मला बघून तो दारात थबकला. "नमस्कार, मिसेस प्लेमन्स."

"आत ये. थंडी आत येतेय."

जेवल्यावर भांडी घासली त्याने. मी घासू दिली.

१७ एप्रिल

सकाळी उठले तर तो सपाटीच्या कडेला पोटावर पडलेला, नाक मातीला. मला वाटलं, पडला बिडला. हाक मारली.

"इथे एक पान आहे," तो म्हणाला. "हे ट्रिलियम का?"

"नाही. ते तण."

"आणि हे?"

"ते ट्रिलियम."

"फरक कसा ओळखायचा?"

मी सांगितलं. तण कुठलं, पोर कुठलं, कुठे पाय ठेवायचा, कुठे नाही. सरळ सांगितलं, कारण त्याला दुसरं काही कळतच नाही. मंदबुद्धीच्या माणसाशी असंच बोलावं लागतं. मग त्याने दिवसभर गुडघ्यांवर बसून तण उपटलं. प्रत्येक वेळी उपटण्याआधी बोट ठेवून विचारायचा. प्रत्येक वेळी! आधी कंटाळा आला. नंतर सवय झाली. दुपारी मी ओसरीवरूनच ओरडायला लागले, "हो, काढ!" "नाही, सोड!"

रिला दारात बसून ऐकत होती. हसत असावी. मी वळून बघितलं नाही.

१८ एप्रिल, शनिवार

आज बर्लची माणसं आली. या वर्षी चोवीस. मी, आयसी आणि रिला ओसरीवर होतो. नोलन खाली सपाटीवर, पाठ आमच्याकडे, पोत्यात तण भरत.

बर्ल नेहमीप्रमाणे वरच्या उतारावर बोलला, दोन-तीन नावं चुकवली आणि परत फिरताना सपाटीजवळ थांबला. कधी थांबत नाही तिथे. म्हणाला, "आणि इथे गेल्या वर्षी एक गंमत झाली, मंडळी. फ्लोरिडाचे एक महाशय. शेवाळ आणि ट्रिलियम यांतला फरक न कळणारे. त्यांनी गवत समजून…"

लोक हसले. मी बोलले होते ते शब्द, जसेच्या तसे, माझे हातवारेसुद्धा. त्या दंतवैद्याच्या तोंडून फार घाणेरडे वाटले.

नोलनची पाठ हलली नाही. हात थांबला. मानेपासून कानांपर्यंत लाल झालेला दिसला मला, एवढ्या लांबून. वर बघितलंसुद्धा नाही त्याने, आणि मग पुन्हा हळूहळू तण उपटायला लागला. बोट ठेवून, कुणाला न विचारता.

उठून कधी खाली गेले ते मला कळलं नाही. गुडघे दुखले असणार.

"बर्ल, तोंड बंद कर."

"अहो व्हेस्टाबाई, तुम्हीच तर—"

"ती सपाटी मी कापायला सांगितली होती. त्याने मला विचारलं, मी हो म्हटलं. मशीन आण म्हटलं. माझ्या जमिनीवर माझ्या सांगण्यावरून केलं त्याने. त्यात त्याचा काय दोष? आणि ज्याला रानकांदा आणि विषारी लिली यांतला फरक कळत नाही त्याने दुसऱ्याच्या नातजावयाला हसू नये. मागच्या वर्षी कुणाला लिलीची भाजी खायला लावणार होतास, सांगू का सगळ्यांना?"

बर्ल दुसऱ्या रस्त्याने घेऊन गेला त्यांना. पुढच्या वर्षी यायचं असेल तर परवानगी लागेल, तेव्हा बघू.

मागे वळले तर नोलन उभा होता, पोतं हातात. म्हणाला, "थँक यू, आजी."

आजी म्हणाला. मी म्हटलं, "पोतं जाळ, नाहीतर बिया पडतील." आणि घराकडे निघाले.

रिलाने ओसरीच्या पायरीवर मला घट्ट मिठी मारली आणि रडायला लागली. "शेवटी बोललीस, आजी." काय बोलले? एका भाबड्या माणसाची चारचौघांत शोभा होत होती म्हणून त्याच्यासाठी धडधडीत खोटं बोलले, त्यात रडण्यासारखं काय आहे? पण पोर इतक्या महिन्यांनी गळ्यात पडली होती, तिला कशाला समजवायला जा. आयसीही माझ्याकडे बघत राहिली आणि जन्मात पहिल्यांदा काही बोलली नाही.

एकाहत्तर वर्षं खरं बोलत आले. बहात्तराव्या वर्षी चोवीस माणसांसमोर खोटं, तेही फ्लोरिडावाल्यासाठी.

उद्या रविवार. चर्चमध्ये त्या खोट्याबद्दल माफी मागेन. दुसरं माफी मागण्यासारखं काही आठवत नाही.